सोऱ्याचा दट्ट्या

कानस धरायला शिकल्यानंतर दोन महिन्यांनी मला कळले, की बंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या घरात एकही कोपरा काटकोनात नाही. राजाजीनगरच्या एका कारखान्याच्या प्रशिक्षणशाळेत मी फिटरचे काम शिकत होते आणि तिथे आम्हाला प्रत्येकी एक गुण्या मिळाला होता. गुण्या म्हणजे दोन पोलादी भुजांचे हत्यार. ते कोपऱ्याला लावायचे, उजेडाकडे धरायचे आणि फटीतून प्रकाश येतो का ते बघायचे. प्रकाश आला तर कोपरा चुकला. एका शनिवारी मी तो डब्याच्या पिशवीतून घरी आणला आणि दाराची चौकट, देव्हारा, खिडकी, स्वयंपाकघराचा ओटा आणि शेवटी अप्पांचे कापड बेतायचे टेबल तपासले. निष्कर्ष मी जेवताना जाहीर केले, सर्वांत वाईट कोपरा आधी. टेबल पहिल्या क्रमांकावर होते.

अप्पा शिंपी होते. निपाणीकडून आमची माणसे आली ती सुई घेऊनच, आणि घराची पुढची खोली हेच दुकान होते. ते भात कालवता कालवता थांबले. "त्या टेबलावर तेवीस वर्षं कापतोय मी. कुणाची बाही वाकडी गेली न्हाई."

"बाही वाकडी नसेल, पण टेबल आहे," मी म्हणाले.

"माझी भाकरी पण बघ की गं लावून," आत्या म्हणाली. "गोल हाय का चौकोनी, एकदाचं कळूदे."

आत्या अप्पांची थोरली बहीण. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत, अप्पाही अक्काच म्हणत, आणि आमच्याकडे राहायला आल्यापासून घरातला शेवटचा शब्द तिचा असे. तिचे दंड पैलवानाचे होते आणि चष्मा जाड होता. घरात आवाज तीनच: पुढे अप्पांच्या मशीनची पायपट्टी, मागे आत्याचा खलबत्ता आणि मधल्या खोलीत आईचा रेडिओ, ज्याच्यावर बंगळूर केंद्राची कन्नड भावगीते लागत आणि आई ती मराठी उच्चारात म्हणत असे. अप्पांच्या मशीनशेजारी दुसरे एक मशीन झाकून ठेवलेले होते. ते माझ्यासाठी होते. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, पण दर शुक्रवारी अप्पा त्याला तेल घालत.

शाळेत आम्ही बावीस जण होतो आणि त्यांत तीन मुली. याबद्दल लोक मला अजून विचारतात. सांगण्यासारखे फार नाही. कानस कोण ढकलते आहे हे लोखंडाला कळत नाही. लांब बाकांची ओळ, प्रत्येक बाकावर शेगडा, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा लोखंडी जबडा, आणि त्यात पकडलेला लोखंडाचा तुकडा. पहिले काही महिने फक्त कानस. पुढे ढकलताना दाब, मागे येताना हलकी. बोलायला सोपे आहे. करायला गेले की कानस झुलते आणि सपाट करायचा पृष्ठभाग मधे फुगीर होतो, पाठीवर निजलेल्या माणसाच्या पोटासारखा. आमचे पुट्टस्वामी सर कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त होऊन शिकवायला आलेले. बोलत ते कन्नडच, आणि कमी बोलत. कानसलेल्या जागेवर कोणी कौतुकाने हात फिरवला की लांबूनच ओरडत, "कै!" म्हणजे हात. बोटाचा ओलावा लागला की कानस तिथे घसरते, धरत नाही. त्यामुळे आम्ही सगळे जण वस्तू कडेने धरायला शिकलो. मी ताटातली पोळीसुद्धा कडेने उचलू लागले. आईला वाटले मला तिची किळस येते.

मला त्या दिवसांचा आनंद कशाचा होता हे नेमके लिहायचा प्रयत्न करते. पुढे मी वर्तमानपत्रात गेले आणि बातमीच्या टेबलावर इतकी वर्षे काढली, तिथे 'अवर्णनीय' हा शब्द मी नेहमी खोडला. तो इथे वापरणार नाही. आनंद याचा होता, की सकाळी एक कोपरा चूक होता आणि संध्याकाळी तो बरोबर होता, आणि ते खिडकीकडे धरून कोणालाही दाखवता येत होते. वयाच्या अठराव्या वर्षी दुसरी कोणतीही गोष्ट तितकी निर्विवाद नव्हती. परतीच्या बसमध्ये मी विनाकारण हसायची. कंडक्टरने एकदा विचारले, "एनम्मा, मदुवे फिक्स आयिता?" लग्न ठरले का. मी म्हणाले, "नाही, घन झाला." त्याने तिकीट दिले आणि पुढे गेला.

घन म्हणजे लोखंडाचा ठोकळा, सहा बाजू, सगळ्या एकमेकींना काटकोनात, फक्त कानशीने केलेला. त्याला मला सहा आठवडे लागले. तो घरी आला तेव्हा अप्पांनी हातात घेऊन सगळीकडून पाहिला.

"ह्याचं काय करायचं?"

"काही नाही. समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही."

तो ठोकळा आत्याने लोणच्याच्या बरणीत फोडी दाबायला फडक्यात गुंडाळून वापरला. अप्पा म्हणाले, दगडाने पण झाले असते. त्यानंतर एक चौकोनी भोक असलेली पट्टी आली, त्या भोकात चपखल बसणारा तुकडा आला, एक इंग्रजी व्ही आकाराचा ठोकळा आला. कशाचाही काही उपयोग नव्हता. वर्ष संपत आले आणि सरांनी दुसऱ्या वर्षाचा संमतिपत्राचा कागद दिला, ज्यावर पालकाची सही हवी होती. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तो परत द्यायचा होता. सही नसेल तर बाक दुसऱ्याला.

अप्पांनी कागद कात्रीखाली ठेवला. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. "वर्ष झालं," ते म्हणाले. "सुतार असता तर पाट आला असता घरात. लोहार असता तर उलथनं आलं असतं. तू एक खिळा तरी आणलास काय गं? माझे डोळे आता चाललेत. शेजारी मशीन रिकामं हाय. कामाला येईल असं एक काय तरी दाखव, मी सही करतो. न्हाईतर पुरे झालं."

आरोप खरा होता. उत्तर आत्याने दिले. तिने स्वयंपाकघरातून आपला सोऱ्या आणून अप्पांच्या टेबलावर, त्या सर्वांत वाईट कोपऱ्यावर, ठेवला. "हे नीट करून देईल ती. दट्ट्या सैल झालाय, दाबलं की पीठ खाली कमी आणि वर जास्त येतंय. जयम्माच्या पोरीच्या लग्नाला दोनशे पाच चकल्या कबूल केल्यात मी. ह्यानं झाल्या तर सही कर. न्हाई झाल्या तर ती बसंल मशीनवर. सरी?"

"सरी, ठरलं," अप्पा म्हणाले.

माझी संमती कोणी विचारली नाही, आणि माझ्या ते लक्षातही आले नाही, कारण मी तोपर्यंत सोऱ्याच्या तोंडात डोळा घातला होता.

पितळी सोऱ्या होता तो, दोन कानांचा. एक नळकांडे, त्याच्या तळाशी चांदणीच्या भोकाची चकती, आणि वरून घालायचा दट्ट्या: जाड दांडा, टोकाला पितळेची गोल थाळी, दुसऱ्या टोकाला हातांनी दाबायला आडवी मूठ. थाळी झिजून नळकांड्यात इतकी सैल झाली होती की हलवली की टाळासारखी वाजे. जयम्मा आमच्या समोरच्या घरातली. तिच्याकडे या यंत्राला चक्कुली ओरळ म्हणत आणि चकल्या उत्तम होत, पण लग्नाला अक्काच्याच हव्यात असा तिचा हट्ट होता. आत्याने त्यासाठी काही घेतले नव्हते आणि त्यामुळेच नाही म्हणणे शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी सोऱ्या माझ्याबरोबर बसने राजाजीनगरला गेला. सरांनी भंगारातला जाड पितळी दांडा दाखवला. त्यातून हातकरवतीने थाळीएवढी चकती कापायला पूर्ण दुपार गेली. जुन्या थाळीची रिव्हेट कापून मी ती भंगाराच्या पेटीत टाकली आणि तिच्या जागी नवी चकती ठोकून बसवली. हे मी पहिल्याच दिवशी केले. माघारी जायची वाट राहू नये असा काही विचार त्यामागे नव्हता. बाक स्वच्छ ठेवायची सवय होती, इतकेच.

मग खरे काम. नळकांडे वर्षानुवर्षे दाबून दाबून आतून पूर्ण गोल राहिले नव्हते, किंचित लांबट झाले होते. थाळी त्याच आकाराची करायची होती. यासाठी शाळेत एक निळा रंग असे: तो आतून पातळ लावायचा, तुकडा सरकवायचा, जिथे निळे लागेल तिथे उंचवटा आहे असे समजून तेवढेच कानसायचे, आणि पुन्हा. पण तो रंग खाण्याच्या भांड्यात घालायची माझी हिंमत झाली नाही. मी आईकडून वाटीभर कुंकू मागून घेतले आणि ते खोबरेल तेलात कालवले. काम निळ्याइतकेच चांगले झाले. तिसऱ्या दिवशी सर माझ्या बाकाशी आले, लालभडक थाळी पाहिली, माझे लाल हात पाहिले आणि विचारले, "पूजा मांडलीस काय, अम्मा?" शेजारच्या बाकावरच्या मुलाने आपला तुकडा पुढे करून नमस्कार केला. त्या आठवड्यात अर्ध्या शाळेने माझ्याकडून कुंकू नेले.

आठव्या दिवशी दट्ट्या बसला. तो असा बसला, की आजही मला तो क्षण बोटांत जाणवतो, आणि माझी बोटे आता कपाचा कानसुद्धा धड धरत नाहीत. मी तो नळकांड्याच्या तोंडाशी धरून सोडला आणि तो पडला नाही. तो उतरू लागला. सावकाश, एखादी नवरी जिना उतरते तसा, खालच्या भोकांतून हलका सुस्कारा टाकत. मग खालच्या चकतीवर तळहात दाबून धरला, तर मधेच थांबला. वरून दाबला तर खाली गेला आणि सोडला की उसळून वर आला. मी ओरडले. बाकांवरून सगळे धावले. प्रत्येकाला तो एकदा दाबून उसळलेला बघायचा होता, रांग लागली, रांगेतले लोक परत मागे जाऊन उभे राहू लागले. सरांनी चार वेळा दाबला. मी मोजले. मग दट्ट्या काढून उजेडाकडे धरला, परत घातला आणि म्हणाले, "साकु." पुरे. वर्षभरात त्यांच्याकडून मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी होती.

त्या वेळी तिथे तेवीस माणसे होती आणि त्यांतला एक चाळीस वर्षे टूलरूममध्ये काढलेला होता. हे यंत्र चकल्यांसाठी आहे, ही गोष्ट त्यांतल्या एकालाही आठवली नाही.

रविवारी सकाळपासून घरात भाजणीचा वास होता. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे, सगळे आदल्या दिवशी भाजून दळून आणलेले. आत्याने कडकडीत मोहन घातले, तीळ घातले, ओवा हातावर चोळला आणि पीठ मळले. आई कढईशी बसली. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली होती. अप्पा पुढच्या खोलीत होते. मशीन चालत होते, पण सरळ शिवणीला लागते त्याहून जास्त वेळा थांबत होते.

आत्याने सोऱ्यात पीठ भरले, दट्ट्या लावला आणि दाबला. दट्ट्या दोन बोटे खाली गेला आणि परत वर आला.

"हे मागं ढकलतंय गं मला."

"ते हवेमुळे," मी अभिमानाने म्हणाले.

"हवा कशाला भरलीस त्यात?"

मग तिने ते दंड कामाला लावले. चकली सुरू झाली आणि आम्ही तिघी वाकून बघू लागलो, कारण इतकी सुंदर चकली आम्ही पाहिली नव्हती. काटे उभे, जाडी एकसारखी, कुठे तुटणे नाही. एक वेढा, दोन, तीन. आत्याने दाब सोडला, शेवट चिमटायला बोट पुढे केले. चकली थांबली नाही. चौथा वेढा पडला.

"थांबव की गं!"

"मी कुठे काय करतेय? तुम्ही दाबू नका!"

"दाबतंय कोण!"

खरेच कोणी दाबत नव्हते. दट्ट्याच्या खाली कोंडलेली हवा दाबत होती. पाचवा वेढा पडला. आत्या घाबरून सोऱ्या बाजूला घेऊ लागली तशी चकलीही तिच्यामागून निघाली, वर्तमानपत्रावरून फरशीवर, फरशीवरून पाटावर. आईने झारा खाली ठेवला आणि ती हसायला लागली. आईला हसू आले की आवाज येत नसे, फक्त माणूस हळूहळू बुटके होत जाई. मग सोऱ्यातून फट्ट असा आवाज झाला आणि उरलेले पीठ एकदम बाहेर आले. ते फरशीवर होते, कॅलेंडरवर होते आणि आत्याच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर होते. त्या चकलीचे वेढे किती, यावर पुढे घरात मतभेद राहिले. आईच्या मते सात, आत्याच्या मते नऊ. मी पाच मोजले. दोघीही आता नाहीत. तेव्हा पाचच लिहिते.

पुन्हा भरायला दट्ट्या काढायला गेलो तर तो निघेना. मी नळकांडे धरले, आत्याने मूठ धरली आणि आम्ही स्वयंपाकघरात रस्सीखेच केली. तो निघाला तेव्हा आत्या तांदळाच्या पोत्यावर बसली होती आणि मी ओट्याखाली होते. दुसऱ्या वेळीही तेच झाले. ज्या दोन चकल्या कशाबशा तोडून कढईत सोडल्या त्यांच्यात हवा शिरली होती. तेलात पडताच त्या फुटल्या आणि आई दारापर्यंत पळाली. "ही लग्नाची चकली काय फटाकडी?" ती बाहेरून म्हणाली, आणि आम्ही तिघी इतक्या हसलो की मला उभे राहता येईना. हसता हसता माझ्या डोळ्यांसमोर कात्रीखालचा कागद आला. दोनशे पाचपैकी शून्य चकल्या झाल्या होत्या. जुनी थाळी भंगारात होती. संध्याकाळी जयम्मा डबे घेऊन येणार होती, आणि तिच्याच घरचा सोऱ्या मागणे म्हणजे नवरीच्या आईकडे नवरीचे दागिने मागण्यासारखे होते. मी हसतच होते, पण आता ते थांबवता येत नव्हते म्हणून.

मशीनचा आवाज बंद झाला. अप्पा दारात उभे होते, कानावर खडूची पेन्सिल, गळ्यात टेप. त्यांनी कॅलेंडर पाहिले. मग बहिणीचा चष्मा पाहिला.

"काय न्हाई," आत्या म्हणाली. "हवा बाहेर निघंना."

अप्पांनी दट्ट्या पुसून घेतला, रिकाम्या नळकांड्यात सोडला. तो सुस्कारत खाली उतरला. त्यांनी खालची चकती हाताने झाकली, दट्ट्या दाबला. तो उसळला. परत दाबला. परत उसळला. तिसऱ्यांदा त्यांनी ते का केले, हे मला माहीत आहे. रांगेत परत जाऊन उभे राहिलेल्या मुलांचे चेहरेही तसेच होते.

"लूज किती दिलास?" त्यांनी विचारले.

"काय?"

"लूज, लूज. सैल. अंगाचं माप घेतलंस, मग त्याच्यावर किती सोडलंस?"

"शून्य," मी म्हणाले. आणि सगळे इतके उलटे झाले असतानाही ते मी अभिमानानेच म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते उंबऱ्यावर बसले, टेपच्या टोकाने डोळे पुसले, काहीतरी बोलायला गेले आणि परत खांदे हलले. शेवटी बहिणीकडे वळून म्हणाले, "अक्का, छत्तीसच्या अंगाला छत्तीसचा ब्लाउज शिवलाय पोरीनं!"

आत्याला ते आधी कळले नाही आणि मग असे कळले, की तिला चष्मा काढावा लागला. "घालणारीनं श्वास कुठनं घ्यायचा?" ती म्हणाली.

मला कळायला तेवढाही वेळ लागला नाही. पट्टीतल्या भोकात बसणारा तुकडा, त्या भोकाची पट्टी, वर्षभरातले सगळे काम मी उजेड बंद करण्यासाठी केले होते. उजेड किती ठेवायचा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "किती सैल करू?" मी विचारले. मनात आकडे येत होते, मिलिमीटरचे दहावे भाग, पण मोजायला घरात काही नव्हते. अप्पा दुकानात गेले आणि पॉपलिनची एक चिंधी घेऊन आले. ती त्यांनी थाळीवर टोपीसारखी ओढली आणि नळकांड्यात घालून दाखवली. अर्थातच ती जाईना. "एक पदर घेऊन जाईल, पण अडकत जाईल, एवढं काढ. दोन पदर गेले तर अक्काचं पीठ परत वर येईल."

शेगडा नव्हता. अप्पांनी टेबलावर जाड कापडाची घडी ठेवली, दांडा तिच्यावर आडवा दाबून दोन्ही हातांत धरला, थाळी टेबलाबाहेर. ते दांडा फिरवत गेले आणि मी डब्याच्या पिशवीतून आणलेली बारीक कानस थाळीच्या कडेवर चालवत गेले. "एका जागी दाबू नकोस. घेर सारखा यायला पायजे." मी दहा वेळा कानस मारली की ते थांबवत, चिंधी ओढत, घालून बघत. "अजून स्वल्प." पितळेचा पिवळा भुगा त्यांच्या पांढऱ्या बनियनवर पडत होता. आतून आत्या ओरडत होती, "पीठ दगड व्हायलंय, ऐकू येतंय काय दोघांना?" अप्पा म्हणाले, "गरम पाण्याचा हात लाव, माप चाललंय." मला आठवते, त्यांनी 'माप चाललंय' म्हटले, ग्राहक आत असताना म्हणत तसे.

अर्ध्या तासाने पॉपलिन आत गेले, अडकत, पण गेले. मी दट्ट्या धुऊन घेतला, नळकांड्याच्या तोंडाशी धरला आणि सोडला. तो टप्प करून पडला, कोणत्याही सोऱ्याचा दट्ट्या पडतो तसा. मला क्षणभर वाईट वाटले, हे नोंदवते.

आत्याने पीठ भरले, दाबले. तीन वेढे पडले. तिने हात सोडला. चकली थांबली. आत्याने शेवट चिमटला, दुसरी घातली, ती थांबली, तिसरी थांबली. दट्ट्याच्या कडेने पिठाची एक दोऱ्याएवढी रेघ वर आली होती. आत्याने ती बोटाने निपटून बघितली आणि म्हणाली, "एवढं चालतंय." मग घराला वेड लागले. अप्पांना एका घाण्याच्या चकल्या स्वतः घालायच्या होत्या. त्यांच्या चकल्या मधून उघड्या पडत. "ही काय काजं करायलास वसंता," आत्या अप्पांना म्हणाली. आईने रेडिओ इतका मोठा केला की जयम्मा समोरून बघून गेली. चार वाजेपर्यंत दोनशे सोळा झाल्या. दोनशे पाच डब्यात गेल्या. अकरा वाकड्या होत्या आणि त्या अप्पांच्या होत्या.

हल्ली बाजारात मिळणाऱ्या सोऱ्यांच्या दट्ट्याला कधी कधी बारीक भोक पाडलेले असते. मी भांड्यांच्या दुकानात गेले की ते उलटे करून बघते. कोणीतरी, कुठेतरी, आपले कॅलेंडर पुसत ते शोधून काढले असणार.

कागद मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत कात्रीखालीच होता. अप्पांनी त्याचा उल्लेख केला नाही आणि मी विचारले नाही. सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. कागद खिशात, हातात वाकड्या चकल्यांचा डबा. बसमध्ये ते माझ्या पुढे दोन सीट बसले आणि राजाजीनगरपर्यंत मागे पाहिले नाही. मला वाटले, दट्ट्या शेवटी त्यांच्याच मापाने जमला, म्हणून मुलीचा बाक सोडतो असे सरांना स्वतः सांगायला निघाले आहेत. शिंप्याचा व्यवहार असाच असतो, निरोप पाठवत नाहीत.

पुट्टस्वामी सरांना त्यांनी आधी चकली दिली आणि मग कन्नडमध्ये, हातांनी वेढे काढत, सगळे सांगितले. सर चावायचे थांबले. त्यांनी कपाळावर हात मारला. "गाळी!" ते म्हणाले. हवा! "मी पण दाबून बघितला हो! चार वेळा!" मग त्यांनी अप्पांना भिंतीवरच्या तक्त्याशी नेले. त्यावर कोणत्या कामाला किती सैल ठेवायचे याच्या आकड्यांच्या रांगा होत्या. वर्षभर तो तक्ता माझ्या डोक्यावर टांगलेला होता.

"एवढे आकडे?" अप्पा म्हणाले. "आमच्यात तीनच, सर. अंगालगत, स्वल्प सैल, आणि म्हाताऱ्या बायकांचं."

सर इतके हसले की मागच्या बाकावरची मुले उभी राहिली. त्या हसण्यातच अप्पांनी खिशातून कागद काढला, कुठे सही करायची ते विचारले, माझ्या बाकावरचा लोखंडाचा भुगा फुंकून जागा केली आणि नाव लिहिले, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. सरांनी कागद घेतला. डबा बाकावर राहिला आणि लगेच रिकामा झाला.

मी शेगड्यात नवा तुकडा घट्ट केला आणि कानस उचलली. अप्पा गेले नव्हते. ते दोन हात मागे बांधून माझ्यामागे उभे होते, दुकानात नवीन पोराला मशीनवर बसवले की उभे राहत तसे. मी पाच-सहा हात मारले. कानस झुलत होती, मला ते कळत होते.

"उजवा खांदा सोड," ते म्हणाले. "कानात घुसलाय."

मी खांदा सोडला. ते आणखी थोडा वेळ थांबले. मग पावले दाराकडे गेली, आणि मी वळून पाहिले नाही, कारण कानस सपाट चालायला लागली होती.